आलूर व्यंकटराव : लेखणी आणि कर्नाटकाचे एकीकरण

कन्नड शाळेतील कोणत्याही मुलाला 'कन्नड कुलपुरोहित' कोण असे विचारले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता आलूर व्यंकटराव हे नाव सांगतो. मराठी वाचकाला हे नाव बहुधा अपरिचित असते. आणि परिचित असलेच, तर लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'चे कन्नड भाषांतर करणारे गृहस्थ एवढ्यापुरतेच. वस्तुतः साहित्य आणि राजकारण यांचा एकमेकांत इतका जिव्हाळ्याने मिसळलेला जीवनक्रम कर्नाटकात दुसरा दाखविता येणे कठीण आहे, आणि मराठी अभ्यासकाने तो जाणून घ्यावा याला एक विशेष कारण आहे. व्यंकटरावांची घडण पुण्यात झाली. महाराष्ट्राला जागे करण्यासाठी जी साधने पुण्याने निर्माण केली, तीच त्यांनी धारवाडास नेली. आणि तेथे त्यांचा उपयोग, पुष्कळ अंशी, मराठीच्या वर्चस्वातून कन्नड मनाला सोडविण्यासाठी केला. गुरूकडून घेतलेल्या विद्येचा असा विनियोग शिष्याने केला असता गुरुगृहाने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न आम्हां धारवाड-हुबळीकडील मराठी शिक्षकांना केवळ इतिहासातला वाटत नाही.

व्यंकटरावांचा जन्म १२ जुलै १८८० रोजी विजापूर येथे झाला. वडील भीमराव महसूल खात्यात नोकरीस होते. आलूर हे त्यांच्या घराण्याच्या गावाचे नाव. कर्नाटकाच्या रिवाजाप्रमाणे ते व्यक्तिनामाच्या आधी येते, एवढे सांगून त्यांच्या बालपणाकडून आम्ही पुढे वळतो. त्यांच्या बालपणापेक्षा ते ज्या प्रदेशात गेले त्या प्रदेशाची तत्कालीन स्थिती आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे.

पेशवाई बुडाल्यावर धारवाड, बेळगाव, विजापूर हा मुलूख मुंबई इलाख्यात राहिला. कचेरीत मराठीचा जोर, दप्तर मोडीत, आणि शाळांतूनही प्रारंभी मराठीच, अशी येथील परिस्थिती होती. कन्नड शाळा उघडल्या पाहिजेत, कन्नड पुस्तके लिहिली गेली पाहिजेत, यासाठी शिक्षण खात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांनी आयुष्य वेचले. शेक्सपिअरचे नाटक त्यांनी कन्नडात आणले ते याच खटपटीचा भाग म्हणून. ते १८८१ साली वारले. पुढे १८९० मध्ये रा. ह. देशपांडे यांनी धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन केला, आणि कन्नड लेखकाला टेकण्यास एक भिंत मिळाली. तथापि सुशिक्षितांचे मन अद्याप पुण्याकडेच लागलेले होते. वाचावयाचे ते 'केसरी', ऐकावयाचे ते मराठी नाट्यपद. हुबळीपासून जवळच असलेल्या कुंदगोळचे रामभाऊ पुढे मराठी रंगभूमीवर 'सवाई गंधर्व' म्हणून गाजले, ही गोष्ट आपण मराठी माणसे अभिमानाने सांगतो. तो अभिमान अस्थानी नाही. पण हीच हकीकत एखाद्या कन्नड घराच्या ओसरीवर बसून ऐकली, तर तिच्यात घरचा गुणी मुलगा दुसऱ्याच्या दारी नावारूपास आला असा एक सूरही ऐकू येतो. व्यंकटरावांना तो सूर फार लवकर ऐकू आला, असे त्यांच्या पुढील लेखनावरून दिसते.

उच्च शिक्षणासाठी ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९०३ साली ते बी. ए. झाले आणि १९०५ मध्ये मुंबईची एल्एल. बी. परीक्षा उत्तीर्ण झाले. या वर्षांचे पुणे म्हणजे टिळकांचे पुणे. सावरकर १९०२ मध्ये याच महाविद्यालयात दाखल झाले होते. सार्वजनिक गणेशोत्सवाला सुरुवात होऊन दहा वर्षे लोटली होती, रायगडावर शिवोत्सव भरून गेला होता, आणि इतिहास हा केवळ परीक्षेचा विषय नसून लोकांना उभे करणारी शक्ती आहे हा धडा तेथील हवेतच होता. धारवाडकडून गेलेल्या या तरुणाने तो धडा पुरता आत्मसात केला. मात्र स्वतःला एक प्रश्न विचारला. शिवरायांच्या नावाने मराठी मनुष्य उभा राहतो. मग कन्नड मनुष्याने कोणाच्या नावाने उभे राहावे?

त्याचे उत्तर त्यांना हंपीस मिळाले. १९०५ साली त्यांनी विजयनगरचे भग्नावशेष पाहिले. तुंगभद्रेच्या तीरावरील त्या पडक्या राजवाड्यांनी आणि भंगलेल्या मूर्तींनी आपल्या आयुष्याची दिशा ठरविली, असे ते पुढे नेहमी सांगत. त्याच वर्षी वंगभंगाची चळवळ पेटली. एका भाषेच्या लोकांना दोन कारभारांत वाटल्यामुळे बंगाल इतका क्षुब्ध होतो, तर कन्नड भाषिक कितीतरी तुकड्यांत वाटले गेले असूनही निवांत कसे, हा विचार त्यातून सहजच निघतो. म्हैसूरचे संस्थान निराळे, धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवार मुंबईकडे, बळ्ळारी आणि मंगळूर मद्रासकडे, गुलबर्गा, रायचूर, बीदर निजामाकडे, कोडगू वेगळे, शिवाय जमखंडी, मुधोळ, सावनूर, सोंडूर अशी लहानमोठी संस्थाने. खुद्द कुंदगोळ जमखंडीकरांचे होते. म्हणजे हुबळीहून कुंदगोळास जाणारा मनुष्य काही कोसांतच इंग्रजांच्या मुलखातून संस्थानी मुलखात जाई.

धारवाडला परतल्यावर त्यांनी वकिली आरंभिली खरी, पण तीत त्यांचे मन रमले नाही आणि ती त्यांनी सोडून दिली. यानंतरची त्यांची कामे एकापुढे एक मांडली, की पुण्याचा ठसा स्पष्ट दिसतो. मराठी ग्रंथकारांचे संमेलन न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी १८७८ साली पुण्यास भरविले; कन्नड ग्रंथकर्त्यांना व्यंकटरावांनी १९०७ साली धारवाडात एकत्र आणले. पुण्यात राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. चार वर्षांनी व्यंकटरावांचे कर्नाटक इतिहास संशोधन मंडळ निघाले. 'केसरी'च्या जागी विद्यावर्धक संघाचे 'वाग्भूषण' आले, ज्याचे संपादन त्यांनी केले, आणि १९२२ पासून त्यांचे स्वतःचे 'जय कर्नाटक'. स्वदेशीच्या दिवसांत राष्ट्रीय शिक्षणाची शाळाही त्यांनी धारवाडात चालवून पाहिली, आणि शिक्षणाची मीमांसा करणारे एक पुस्तकही लिहिले. शाळा चालविणारा मनुष्य शिक्षणावर पुस्तक लिहिण्याइतका वेळ काढू शकतो, याचे आम्हांस व्यवसायबंधू या नात्याने नवल वाटते! नक्कल म्हणून कोणी या यादीकडे बोट दाखवील, तर आमचे उत्तर असे, की बी एकच असले तरी काळ्या मातीत त्याचे पीक निराळे येते. शिवाजीच्या जागी त्यांनी विद्यारण्यांना आणले. विजयनगरच्या स्थापनेशी परंपरेने जोडलेल्या त्या यतीचे चरित्र हे त्यांच्या प्रारंभीच्या पुस्तकांपैकी एक होय. सेनापतीऐवजी एका पंडित संन्याशाला राष्ट्रपुरुष कल्पिणे, यातच त्यांच्या राजकारणाचा स्वभाव व्यक्त झाला आहे.

या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे १९१७ साली प्रसिद्ध झालेला 'कर्नाटक गतवैभव' हा ग्रंथ. त्याच्या पूर्वतयारीत त्यांची कित्येक वर्षे गेली. फ्लीटने कन्नड जिल्ह्यांतील राजवंशांवर केलेले काम आणि डॉ. भांडारकरांचा दख्खनचा प्राचीन इतिहास हे ग्रंथ इंग्रजीत उपलब्ध होते. पण ते विद्वानांच्या कपाटात. कदंब, गंग, बदामीचे चालुक्य, राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य, होयसळ, विजयनगर ही सारी मालिका सामान्य कन्नड वाचकाच्या हातात त्याच्या भाषेत आणि आवेशाने देणे, हे व्यंकटरावांनी केले. ग्रंथाचा सूर संशोधकाचा कमी आणि कीर्तनकाराचा अधिक आहे. इतिहास म्हणून आज तो वाचताना अनेक विधाने सैल किंवा अतिशयोक्त वाटतील. पण इतिहासग्रंथाची परीक्षा जशी पुराव्याने होते, तशी लोकांच्या मनावर झालेल्या परिणामानेही होते. आणि दुसऱ्या परीक्षेत या पुस्तकाच्या जोडीला बसणारे पुस्तक कन्नडात क्वचितच असेल.

मराठी वाचकाला यातील एक प्रतिपादन मात्र हमखास टोचते. नवव्या शतकातील 'कविराजमार्ग' या कन्नड ग्रंथात कन्नड देशाच्या सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितल्या आहेत, आणि व्यंकटराव त्या सीमा मोठ्या अभिमानाने पुढे मांडतात. मग वेरूळचे कैलास लेणे कोणाचे? देवगिरीचे यादव कोणाचे? 'कन्नडिगांचे भ्रमनिरसन' या आशयाच्या नावाचे जे पुस्तक त्यांनी लिहिले, त्यातील भ्रम हा आपल्याच थोरवीविषयीच्या अज्ञानाचा भ्रम होता. आणि त्या अज्ञानाला मराठीच्या छायेने हातभार लावला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या मते येथे दोन्ही पक्षांनी शिलालेखांपुढे जाऊन उभे राहणे बरे. चालुक्य पुलकेशीची कीर्ती गाणारा ऐहोळेचा सन ६३४ चा शिलालेख आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. त्यात त्याला तीन 'महाराष्ट्रकां'चा स्वामी म्हटले आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड अक्षरांबरोबर मराठी शब्दही कोरलेले आहेत. यादवांचे लेख कन्नडातही आहेत आणि मराठीतही. पंढरीच्या विठ्ठलाला 'कानडा' म्हणण्यात संतांना कमीपणा वाटला नाही. धारवाडचेच विद्वान शंबा जोशी यांनी मराठी संस्कृतीच्या कन्नड मुळांविषयी १९५२ साली मराठीतच ग्रंथ लिहून आपल्याकडील अनेकांची झोप उडविली, तो या वादाचा पुढचा अध्याय होय. एका वंशावर एकाच भाषेची मालकी सांगणे हे विसाव्या शतकाचे व्यसन आहे. त्या राजांना ते ठाऊक नव्हते. व्यंकटरावांना ते जडले होते, तसे आपल्याही पुष्कळ इतिहासकारांना जडले होते.

आणि तरीही, एकीकडे असे लिहिणारा हाच लेखक दुसरीकडे 'गीतारहस्य' कन्नडात आणीत होता, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात सिद्ध केलेला तो ग्रंथ १९१५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. मूळ ग्रंथाचा विस्तार, त्यातील पारिभाषिक शब्दांची दाटी आणि टिळकांचे युक्तिवादाचे लांबलचक वाक्य, यांचा ज्यांनी वर्गात एखादा उतारा शिकविताना अनुभव घेतला असेल, त्यांना या कामाची कल्पना येईल. संस्कृत शब्दसंपत्ती दोन्ही भाषांना समान असल्यामुळे कर्म, संन्यास, लोकसंग्रह हे शब्द जसेच्या तसे जाऊ शकतात. अडते ते वाक्याच्या घडणीत, कारण कन्नडचे व्याकरण द्राविडी कुळाचे. त्याहून मोठी अडचण अंतरंगाची. टिळकांचे विवेचन अद्वैताच्या पायावर उभे आहे, आणि व्यंकटराव मध्वसंप्रदायातले; पुढे त्यांनी मध्वमतावर आणि गीतेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. आपल्या संप्रदायाहून निराळ्या भूमिकेवर उभा असलेला एवढा मोठा ग्रंथ मनुष्य भाषांतरासाठी हाती घेतो, तो त्यातील कर्मयोगावर निष्ठा जडल्याशिवाय नव्हे. मराठीचे वर्चस्व नको आणि मराठीतले उत्तम ते मात्र हवे, हा त्यांचा विवेक होता. भाषाभिमान आणि भाषाद्वेष या दोहोंमधील सीमारेषा विद्यार्थ्यांना समजावून देताना आम्हांस याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

राजकारणात ते शिरले ते याच वाटेने. १९१६ साली कर्नाटक एकीकरण सभा स्थापन झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलात बेळगावला लोकमान्यांच्या होमरूल लीगचा जन्म झाला, आणि त्या लीगच्या शाखा पाडताना कर्नाटकाची शाखा स्वतंत्र ठेवली गेली. १९२० च्या एप्रिलमध्ये टिळकांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जो जाहीरनामा काढला, त्यात भाषावार प्रांतरचनेचे कलम होते. म्हणजे या बाबतीत गुरूचा शिष्याला विरोध नव्हता. त्याच वर्षाअखेरच्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे करण्याचे ठरविले आणि कर्नाटक प्रांतिक समिती अस्तित्वात आली. इंग्रजांच्या नकाशावर कर्नाटक नव्हते. काँग्रेसच्या नकाशावर ते आले. तिचे पुढारीपण गंगाधरराव देशपांड्यांकडे होते, ज्यांनी आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. त्या काळचे धागे कसे गुंतलेले होते पाहा. १९२४ साली महात्माजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावची काँग्रेस भरली, तेव्हा तेथेच हुबळीच्या सिद्दप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली एकीकरणाची परिषद झाली.

व्यंकटरावांनी मंत्रिपद कधी भूषविले नाही. १९३० साली म्हैसूरच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तोच त्यांचा मोठा मान. हळूहळू चळवळीची सूत्रे तरुणांकडे गेली आणि ते अध्यात्माकडे वळले. १९४१ मध्ये त्यांच्या आठवणींचा ग्रंथ निघाला. राजकारणाने त्यांच्यातील साहित्यिकाचे नुकसान केले काय, असा प्रश्न कोणी विचारतात. बेंद्र्यांच्या कवितेशेजारी ठेवता येईल अशी कलाकृती व्यंकटरावांनी लिहिली नाही, हे खरे. पण ते कलावंत म्हणून जन्मलेच नव्हते. त्यांची लेखणी ही प्रथमपासून प्रचारकाची होती, आणि प्रचारकाच्या लेखणीला राजकारण वर्ज्य करणे म्हणजे शेतकऱ्याला नांगर वर्ज्य करणे होय.

युरोपात या प्रकारच्या पुरुषांची परंपरा हंगेरीत ठळक दिसते. तेथेही भाषेच्या पुनरुज्जीवनातून राष्ट्रीय राजकारण उगवले, आणि साहित्यिक एकामागून एक विधिमंडळात गेले. त्यांपैकी योझेफ एत्वेश (१८१३–१८७१) याचे चरित्र शिक्षकांनी मुद्दाम पाहावे. त्याच्या १८४५ च्या प्रसिद्ध कादंबरीचे नाव मराठीत 'गावचा कुलकर्णी' असे करता येईल. गावगाड्यातील अन्याय तीत त्याने उघडा केला. १८४८ च्या क्रांतिमंत्रिमंडळात तो शिक्षणमंत्री झाला, आणि १८६७ पासून मृत्यूपर्यंत पुन्हा त्याच पदावर होता; हंगेरीच्या विद्वत्परिषदेचा तो अध्यक्षही होता. त्याच्या कारकीर्दीत १८६८ साली दोन कायदे झाले. एकाने प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि ते मुलाच्या मातृभाषेतून द्यावे असे सांगितले. दुसऱ्याने मॉज्यार ही राज्यभाषा मानूनही रुमेनियन, स्लोव्हाक, सर्ब इत्यादी भाषिकांना शाळा, गाव आणि खालची न्यायालये येथे आपली भाषा वापरण्याची मुभा दिली. आपली भाषा तुरुंगातून सोडविणाऱ्याने दुसऱ्याच्या भाषेसाठी तुरुंग बांधू नये, इतके त्याला समजत होते. त्याच्या वारसांना ते समजले नाही. १८७९ आणि १९०७ च्या शिक्षणविषयक कायद्यांनी त्या मुभेचा बराचसा भाग मोडीत काढला, आणि पहिल्या महायुद्धानंतर त्या बहुभाषिक हंगेरीचे तुकडे झाले.

एत्वेशला सत्ता मिळाली म्हणून तो असे कायदे करू शकला. व्यंकटरावांच्या स्वप्नाचा कायदा इतरांनी केला. १९५३ साली हुबळीजवळच्या अदरगुंचीचे शंकरगौडा पाटील यांनी एकीकरणासाठी उपोषण आरंभिले आणि हुबळीच्या रस्त्यांवर लोकक्षोभ उसळला. त्याच वर्षाअखेर फाजल अली आयोग नेमला गेला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी कन्नड प्रदेश म्हैसूर राज्य या नावाने एकत्र आला. शहात्तर वर्षांचे व्यंकटराव त्या प्रसंगी हंपीस गेले व विरूपाक्षाच्या मंदिरात त्यांनी भुवनेश्वरीची पूजा केली. या घटनेचे वर्णन कन्नड पाठ्यपुस्तकांत असते आणि असावयासही हवे. त्याच वर्षीची दुसरी एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. राज्यपुनर्रचनेसाठी संविधानाची जी सातवी दुरुस्ती करावी लागली, तिनेच ३५० अ हे कलम संविधानात घातले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा. ३५० ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. ज्या दुरुस्तीने भाषेला राज्य दिले, तिनेच राज्याच्या आतील लहान भाषेला हा शब्द दिला.

हे आम्ही लिहीत आहोत ते हुबळीच्या कोप्पीकर रोडवरील आमच्या बिऱ्हाडात बसून. खाली दुकानांच्या पाट्या कन्नड आहेत, आणि गिऱ्हाइकाशी बोलणे कन्नड, मराठी, कोंकणी, हिंदी यांतील जी भाषा जुळेल तीत चालते. रस्त्याच्या नावातला 'कर' हा प्रत्ययही मराठी-कोंकणी वळणाचा. त्यावरून कोणी या गावावर हक्क सांगू लागला, तर त्याला आम्ही हसू. सीमाप्रश्नाचा वाद हा या लेखाचा विषय नव्हे. आमचा प्रश्न लहान आहे. मराठी माध्यमाच्या वर्गात बसणाऱ्या मुलाने व्यंकटराव कोणत्या भावनेने वाचावेत? आमच्या शाळेत आम्ही ते असे शिकवितो, की हे गृहस्थ तुझ्या आजोबांच्या भाषेतला सर्वांत कठीण ग्रंथ आपल्या भाषेत नेणारे होते. आणि तुझ्या आजोबांच्या भाषेखाली आपली भाषा दबली म्हणून त्यांना वाईटही वाटले होते. सातवी-आठवीतील मुलांना ही दोन वाक्ये एकत्र समजतात. अडचण पडते ती त्यांच्या पालकांना. त्यांना दोहोंपैकी एकच हवे असते.

सोलापूर आणि अक्कलकोटकडील कन्नड शाळांचे शिक्षक असाच प्रश्न उलट बाजूने सोडवीत असतील. बेंद्रे १९४४ ते १९५६ सोलापूरच्या महाविद्यालयात शिकवीत होते आणि त्यांनी मराठीतही लिहिले, जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडात इंग्रजी शिकवीत आपल्या मराठी कथा लिहिल्या. पुस्तके इकडून तिकडे जाण्याचे काम सरकारी ठरावावाचून होत आले आहे. 'कर्नाटक गतवैभव' मराठी शिक्षकांनी कन्नडातून वाचावे, टोचते तेथे समासात प्रश्नचिन्ह घालून वाचावे, आणि जमल्यास शेजारी राजवाडे ठेवून वाचावे, असे आमचे सुचविणे आहे. हुबळी-धारवाडकडील मराठी शिक्षकांना कन्नड येतेच. निमित्त तेवढे हवे.

व्यंकटराव २५ फेब्रुवारी १९६४ रोजी निवर्तले. ज्या राज्यासाठी त्यांनी अर्धशतक झीज सोसली, त्याचे अधिकृत नाव तेव्हाही म्हैसूर हेच होते. ते कर्नाटक झाले १ नोव्हेंबर १९७३ रोजी.